ठकूचा पट्टा

सकाळी धुकं दरीत लोळत पडलेलं असायचं, सूर्याचा पत्ता नसायचा, आणि सगुणा ढेबे उताराच्या पायथ्याच्या खडकावर कानाला मूळकान लावून बसलेली असायची. आडधारच्या लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. कुणाची सकाळ चहाशिवाय उजाडत नाही, कुणाची तंबाखूशिवाय. सगुणाची मुळांच्या घुमण्याशिवाय उजाडत नसे, एवढंच. वर उभी धार, इतकी उभी की शेळीनंसुद्धा चढायला कां-कू करावी. धारेवर पुरुषभर उंचीची हिरवीगार कारवी. आणि कारवीच्या पायाखाली, मातीच्या पोटात, जात्यावर बसलेल्या बाईनं ओठ मिटून गुणगुणावं तसा आवाज.

"ठके, थंडी लई पडलीया आज," सगुणा हळूच म्हणायची. "मंजीनं पांघरूण पार भुईवर टाकलं व्हतं. तुझ्यावरच गेलीया ती."

ठकू म्हणजे तिची धाकटी जाऊ. ती या धारेखाली होती.

जावाजावांचं पटत नाही असा जगाचा समज आहे, आणि जग बहुतेक वेळा बरोबरच असतं. या दोघींनी मात्र जगाला खोटं पाडलं. सगुणाचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापानं गेला. त्यानंतर माहेरी परत न जाता ती आडधारला राहिली ती ठकूसाठी. मग एका श्रावणात सगळी धार जांभळी झाली. कारवीचा बहर आला. कारवी सात पावसाळे नुसती वाढते, मग सगळी एकदम फुलते, बी धरते आणि सगळी एकदम मरते. पुढच्या आषाढात, मेलेल्या कारवीची मुळं मातीत कुजत असताना, सलग पाऊस लागला. ठकू सकाळी शेळ्या सोडायला वर गेली. आपली तान्ही लेक मंजुळा तिनं सगुणाच्या मांडीवर ठेवली आणि "आलेच गं" म्हणाली. ती वर पोचली असेल नसेल, तोच धार खाली आली. वाडीनं, फौजेनं, कुत्र्यांनी, सगळ्यांनी शोधलं. ठकू सापडली नाही. ठकूचा नवरा गाव सोडून गेला तो पुन्हा फिरकला नाही. मंजुळा सगुणाच्या मांडीवरच मोठी झाली.

त्याच वर्षी पुण्याहून डॉक्टर नंदिनी सरपोतदार आल्या. डॉक्टर म्हणजे औषधाच्या नव्हे, मुळांच्या. त्यांनी धारेत केसाइतकी बारीक काचेची तार आडवी-उभी पुरली. तारेतून सतत प्रकाश सोडलेला असतो. एखादं मूळ ताणलं गेलं किंवा माती तसूभर सरकली, की तारेला पीळ बसतो आणि तिथून परत फिरणारा प्रकाश बदलतो. तो बदल यंत्र आवाजात उतरवतं. मुळांनी माती घट्ट धरली असेल तर उतार घुमतो, पकड सुटू लागली की आवाज विरळ होतो. डॉक्टरांच्या कागदावर या यंत्राला लांबलचक नाव होतं, पण ते उच्चारेपर्यंत पुढची दरड खाली आली असती. वाडीनं त्याचं मूळकान करून टाकलं.

दुसरी करामत त्यांनी खुद्द कारवीवर केली. कारवीला सात वर्षं झाल्याचं कळतं कसं, हे कोडं त्यांच्या प्रयोगशाळेनं सोडवलं होतं. फुलण्याच्या जनुकावर रासायनिक कड्या चढवलेल्या असतात. दर हिवाळ्यात एक कडी गळते आणि शेवटची गळली की झाड फुलतं. डॉक्टरांनी अशी कारवी तयार केली, की जिची शेवटची कडी गळतच नाही. न फुलणारी कारवी. फुलली नाही म्हणजे मरायचीही नाही.

"पण नुसती कारवी लावून भागणार नाही बरं का," त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. "वरच्या वीतभर मातीला गवताची मुळं हवीत. आडव्या ओळींनी वाळा लावायचा, तो सरळ खाली जातो. मध्ये निर्गुडी आणि करवंद. पायथ्याला उंबर आणि मेसाच्या बांबूची बेटं. माथ्यावर उंच झाड एकही नको. वारा ते हलवत बसतो आणि बुंधा पहारीसारखा माती उकरत राहतो."

सगुणाला त्यांनी उतारराखीण नेमलं. तिनं सगळी धार सांगितल्याप्रमाणे लावली. फक्त एका पट्ट्यावर तिनं आपलं चालवलं. तो तिच्याच घरावरचा पट्टा, जिथं ठकू गेली तो. तिथं तिला गवत बघवेना. समाधीवर कुणी तण माजू देतं का? दर आठवड्याला ती वर जायची आणि कारवीखाली उगवलेलं एकूण एक पातं, करवंदाचं रोप, निर्गुडीचा कोंब उपटून टाकायची. पालापाचोळासुद्धा झाडून काढायची. वाळा लावलेला तर तिनं पहिल्याच वर्षी हलवून शेजारच्या पट्ट्यात नेला. कुणी विचारलं तर म्हणायची, "घरासमोरचं अंगण झाडतो ना आपण?" आणि मूळकानात तोच पट्टा सगळ्यात भरदार घुमायचा. मग कोण कशाला हरकत घेईल?

कारवीचा बहर न येता दोन खेपा गेल्या. धार हलली नाही. मधमाश्या मात्र पलीकडच्या डोंगरांवर गेल्या, आणि मंजुळा बहर न बघताच विशीत आली.

*

पौषात मंजुळा पुण्याहून परत आली. ती आता डॉक्टरांच्याच हाताखाली शिकत होती. या वेळी डॉक्टरही बरोबर होत्या. केस पांढरे झालेले, गुडघे दुखरे. ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. या बाईला काहीतरी बोलायचं अवघड जातंय, सगुणाच्या लक्षात आलं.

"सगुणाबाई, चूक माझी आहे, आधीच सांगते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं आपण धारेचा फक्त मोठा आवाज ऐकत होतो. जाड मुळं मोठ्यानं बोलतात. बारीक मुळांची कुजबुज त्यात ऐकूच येत नव्हती. मंजुळानं यंदा ती वेगळी काढली."

मंजुळानं मूळकान सगुणाच्या हाती दिलं. "जाड आवाज बंद केलाय, मोठी आई. आता ऐक."

सगुणानं डोळे मिटले. शेजारच्या आखाडे भावकीच्या पट्ट्यात तिला बारीक सळसळ ऐकू आली, रेशमी लुगड्याच्या घडीवरून हात फिरवावा तशी. कोकरे भावकीच्या पट्ट्यात तीच. मग मंजुळानं बोट फिरवून यंत्र तिसऱ्या पट्ट्यावर आणलं आणि काहीच ऐकू आलं नाही.

"बंद पडलं जणू," सगुणा म्हणाली.

"बंद नाही पडलं," मंजुळा म्हणाली. "आपला पट्टा आहे तो."

डॉक्टरांनी समजावलं. जाड मुळं म्हणजे खुंटे, बारीक मुळं म्हणजे जाळं. खुंटे कितीही पक्के असले तरी जाळं नसेल तर माती त्यांच्यामधून निसटते. न मरणारी कारवी म्हातारी होते तसे तिचे खुंटे जाड होत जातात आणि नवं जाळं विणणं ती सोडून देते. इतर पट्ट्यांत ते काम गवतानं आणि वाळ्यानं उचललं होतं. या पट्ट्यात उचलायला कुणी नव्हतं.

"का नव्हतं?" डॉक्टरांनी हलकेच विचारलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

मंजुळाला ठाऊक होतं. लहानपणी तीच तर उपटलेल्या गवताचे भारे खाली आणून शेळ्यांना घालायची.

उपाय एकच होता. त्या पट्ट्यातल्या कारवीला फवारा मारून तिची अडकवलेली कडी सोडवायची. ती भादव्यात फुलेल, बी धरेल, मरेल. उभ्या वाळलेल्या काठ्यांच्या आडोशाला नवी रोपं, गवत, वाळा, सगळं जीव धरेल. या कारवीच्या दाट सावलीत आता नवं काही रुजणार नाही, आणि ती तोडली तर धार उघडी पडेल. फुलू देऊन मरू देणं, याच्याइतकी हळू वाट दुसरी नव्हती. तोवर खालच्या घरांतल्या माणसांनी पावसाळे पलीकडच्या पठारावर काढायचे.

"आन न्हाई केलं तर?" सगुणानं विचारलं.

"यंदाचा पावसाळा कदाचित निघेल," डॉक्टर म्हणाल्या. "पुढचा निघेल असं मी म्हणणार नाही. आणि ही धार आली तर पाच घरं, विहीर, खालची खाचरं, सगळं घेऊन येईल."

"ठकू तिथं हाय," सगुणा म्हणाली. तिच्या तोंडून ते इतकं सहज गेलं, की डॉक्टरांनी मान वर करून धारेकडं पाहिलं, खरंच कुणी उभं आहे की काय म्हणून.

*

डॉक्टर गेल्यावर दोघींचं वाजलं. मंजुळाचा आवाज चढत नसे, पण त्या दिवशी चढला.

"तू म्हणतेस आई तिथं घुमते. मी रोज यंत्र लावून बसते, मला मुळांचा ताण ऐकू येतो. दुसरं काही येत नाही!"

"तुला कसं यील? तू तिला वळखतीस व्हय?"

हे बोलून गेल्यावर सगुणाला आपली जीभ चावावीशी वाटली. मंजुळाचा चेहरा उतरला. ती कळशी उचलून पाण्याला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी उन्हं आल्यावर सगुणा एकटीच धार चढली. दोराला धरून, खाचेत पाय रोवत, पट्ट्यावर पोचली. कारवीच्या आत हिरवा अंधार असतो. वारा वर पानांत खेळतो, खाली काही हलत नाही. दरीतून धुराचा वास घेऊन एखादी झुळूक वर यायची तेवढीच. कितीतरी वेळा ती इथं बसली होती. वाटायचं, आपण नाहीच, आपण ठकूचं स्वप्न आहोत, आणि ती जागी झाली की आपण धुक्यासारखे विरून जाऊ. त्या वाटण्यात फार सुख होतं.

खालची जमीन लख्ख होती. एक पातं नाही, एक काडी नाही. सगुणानं मुठीत माती घेतली. ती मुठीतून भुरूभुरू सांडली. थांबलीच नाही. मग ती सरकत सरकत शेजारच्या आखाड्यांच्या पट्ट्यात गेली आणि तिथली मूठभर माती उचलू लागली. ती काही निघेना. गवताच्या केसाळ मुळांनी गच्च धरलेलं ढेकूळ ओढावं तर अख्खी धार हातात येईलसं वाटलं. त्याच पट्ट्यात, ओळीनं, तिनं स्वतः हलवलेला वाळा कंबरेएवढा वाढलेला होता.

सगुणा रडली, अगदी ओक्साबोक्शी रडली. कुणी ऐकणारं नव्हतं म्हणून नव्हे, थांबवता येईना म्हणून.

"ठके," ती म्हणाली, "तुला सांभाळता सांभाळता तुझ्या पोरीच्या डोईवर धार सैल करून ठिवली गं म्या."

कारवीत वारा हलला. उत्तर काही आलं नाही. ते कधीच आलं नव्हतं, हे सगुणानं पहिल्यांदा कबूल केलं.

*

आडधारला कारवीची तोड बोलायची, म्हणजे ती तोडूया असं वाडीपुढं मांडायची, एक रीत होती. घरांचे कूड कारवीच्या काठ्यांचे असत तेव्हापासूनची. धारेचे भावकीवार पट्टे पाडलेले. पट्टा तोडला की त्याखालच्या घरांना धोका, म्हणून नियम असा, की जो तोड बोलेल त्याच्याच पट्ट्यापासून ती सुरू व्हायची. दुसऱ्याच्या डोक्यावरची कारवी काढा असं म्हणायची सोय रीतीनंच ठेवली नव्हती.

जननीच्या देवळापुढं वाडी जमली. डॉक्टरांनी नकाशा पसरला, म्हणाल्या की पुढेमागे सगळ्याच पट्ट्यांना आळीपाळीनं फुलू द्यावं लागेल, सुरुवात कमजोर पट्ट्यापासून व्हावी. तो कुठला, हे त्या बोलल्या नाहीत. एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. सगळे जमिनीकडं बघत होते.

"शास्त्र काय म्हणतंय त्ये समजलं, बाई," म्हातारे बाबू आखाडे डॉक्टरांना म्हणाले. "पर आमी कुनाला 'कर' म्हणू शकत न्हाई. ज्याचा पट्टा त्यानंच बोलायचं. न बोलला तर आमी त्याच्या संगट हितंच ऱ्हाऊ."

आता ही माणसं खरंच राहतील, सगुणाच्या मनात आलं. दोन घरं ढेब्यांची, तीन परक्यांची. तिच्या एका शब्दावाचून पाचही घरं धारेखाली झोपतील आणि कुणी तिला बोल लावणार नाही.

तिनं मंजुळाकडं पाहिलं. मंजुळालाही बोलायचा हक्क होता, घर तिचंही होतं. पण ती ओठ घट्ट मिटून बसली होती. ती बोलणार नव्हती. आईला दुसऱ्यांदा मातीआड करण्याचं काम ती सगुणाच्या हातून हिसकावून घेणार नव्हती, आणि तिला भाग पाडणारही नव्हती. एवढीशी पोर, केवढं हे शहाणपण! कुणावर गेली असेल? ठकूवर तर नक्कीच नाही. ठकूच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नसे.

सगुणा उठली. पदर खोचला.

"बहर बोलते म्या," ती म्हणाली. "ढेब्यांच्या पट्ट्यापासनं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ती रीत नव्हती. बाबू आखाडे पुढं आले आणि त्यांनी तिच्या हातावर नारळ ठेवला.

*

वैशाखात पट्ट्यावर फवारा मारून झाला आणि पाच घरांनी पलीकडच्या पठारावर पत्र्याच्या खोल्या घेतल्या. पाऊस आला, पट्टा टिकला. आणि भादव्यात एका उघडिपीच्या सकाळी मंजुळा ओरडतच बाहेर धावली.

समोरच्या हिरव्या धारेवर, वरपासून खालपर्यंत, एक जांभळा पट्टा उतरला होता. कालपर्यंत कळ्याच होत्या. ढगांच्या सावल्या त्याच्यावरून सरकायच्या तसा तो गडद व्हायचा, पुन्हा उजळायचा, जणू डोंगर झोपेत श्वास घेतोय. दरी ओलांडून वास येत होता, मधाचा आणि ओल्या मातीचा. आणि कुठून, कशा, कोण जाणे, मधमाश्या आल्या होत्या. त्यांचा गुंजारव इथवर ऐकू येत होता.

दोघी पठाराच्या कडेला उभ्या राहिल्या.

"आईनं बघितला होता असा?" मंजुळानं विचारलं.

"बघितला? ती शिरली व्हती त्यात!" सगुणा म्हणाली. "सगळ्या बाया लांबून हात जोडत व्हत्या, आन ही घुसली आत. भायेर आली तर नाकाला जांभळं, कपाळाला जांभळं, केसात माश्या. म्या म्हनलं, ठके, हलू नगं, चावतील. तर म्हनती, 'चावू दी, पण ऐक की, काय झालं...' आन हसायला लागली. तिचं हे असंच. गंमत सांगायला घ्यायची आन निम्म्यातच हसून हसून बेजार. तिची एक गंमत कुनी पुरी ऐकली न्हाई कधी."

मंजुळा हसली, आणि मग एकदम थांबली.

"हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

सगुणा पदराशी चाळा करू लागली.

"धारेला रोज सांगायचीस," मंजुळा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "लहानपणी मी मागं उभी राहून ऐकायचा प्रयत्न करायची. मी दिसले की तू बोलणं बंद करायचीस. मला वाटायचं, मी काहीतरी चुकीचं केलंय."

सगुणानं मान हलवली. ती जांभळ्या पट्ट्याकडं बघत राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी तो तपकिरी होईल, काठ्या वाळतील, त्यांच्या पायाशी कुणाचं कुणाचं हिरवं डोकं वर येईल. ते आता तिला कळत होतं आणि त्याची भीती वाटत नव्हती. भीती वेगळ्याच गोष्टीची होती, आणि ती बोलल्याशिवाय जाणार नव्हती.

"तुझं काय चुकलं असंल गं, तान्ही व्हतीस," ती म्हणाली. "माझंच. मला वाटायचं, थोडी तुला दिली तर माझ्याकडली संपंल ती. एवढीशीच तर उरली व्हती. म्हणून जपून ठिवली. तुझ्यापासनं सुदिक."

मंजुळानं तिच्याकडं पाहिलं. डोळे भरले होते, पण ती रडली नाही.

"आता दिलीस ना थोडी," ती म्हणाली. "संपली?"

सगुणानं खरोखरच मनात चाचपून पाहिलं. नाकाला जांभळं लागलेली ठकू तिथंच होती, आणि तिच्यामागं आणखी कितीतरी. खारट कालवण करून वर दुसऱ्यालाच नावं ठेवणारी, बैलाला पोवाडा म्हणून दाखवणारी, मंजुळाला न्हाऊ घालताना स्वतःच भिजून बसणारी.

"न्हाई गं," ती नवलानं म्हणाली.

"मग सांग," मंजुळा म्हणाली, आणि ओल्या गवतात बसकण मारली.

आणि सगुणा धारेकडं पाठ करून तिच्यासमोर बसली आणि सांगू लागली.